उपासमारीच्या महिन्यांत दारावर येणारी माणसे : दक्षिण मलावीतील एका मराठी सेवक दांपत्याचे प्रकरण

परदेशी सेवाकार्याला निघालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या तयारीच्या वर्गात बहुतेक वेळ व्हिसा, भाषा, मुलांच्या शाळा आणि मलेरियाच्या गोळ्या यांत जातो. दारावर पिठासाठी उभ्या राहिलेल्या शेजाऱ्याला काय उत्तर द्यायचे, हा विषय निघाला की कोणीतरी ‘प्रभू त्या वेळी बुद्धी देईल’ असे म्हणते आणि वर्ग पुढे सरकतो. प्रत्यक्षात गरीब देशात राहणाऱ्या सेवकाचे रोजचे अवघड निर्णय याच उंबऱ्यावर होतात. पुढील प्रकरण आफ्रिकेतील मलावी या देशाच्या दक्षिण भागातील एका दांपत्याचे असून त्यांच्या संमतीने लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, रुग्णालय आणि पाठवणारी संस्था यांची नावे दिलेली नाहीत व काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

पती प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि पत्नी परिचारिका. दोघेही नगर जिल्ह्यातील, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत वाढलेले. ते 2021 पासून मलावीच्या दक्षिण भागात, मुलांजे पर्वताच्या पायथ्याकडील पट्ट्यातील एका मिशन रुग्णालयात काम करत होते. या भागातील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचा इतिहास स्कॉटिश मिशनऱ्यांनी 1876 मध्ये ब्लँटायर येथे उभारलेल्या ठाण्यापर्यंत मागे जातो. मंडळीचा कारभार मात्र आज पूर्णपणे मलावीच्या पाळकांच्या आणि वडीलमंडळाच्या हाती आहे, आणि आपले दांपत्य तेथे पाहुणे कर्मचारी म्हणून होते, पुढारी म्हणून नव्हे.

भारतातून गेलेल्या सेवकाची तेथे एक वेगळीच अडचण होते. गोरा मिशनरी दिसला की लोकांच्या मनात दवाखाना, शाळा आणि प्रार्थनामंदिर उभे राहते. भारतीय दिसला की दुकान उभे राहते. मलावीतील भारतीय वंशाचे लोक, ज्यांना तेथे ‘म्वेन्ये’ म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात आहेत आणि त्यांतले बहुतेक गुजराती आहेत. दक्षिण मलावीत तूर मोठ्या प्रमाणावर पिकते. तेथे तिला ‘नांदोलो’ म्हणतात, आणि भारताने 2021 मध्ये मलावीशी दरवर्षी 50,000 टन तूर पाच वर्षे घेण्याचा करारही केला होता. ती तूर शेतकऱ्याकडून लिंबे-ब्लँटायरच्या गिरण्यांपर्यंत जाते तेव्हा साखळीच्या वरच्या टोकाला बहुधा भारतीय व्यापारीच असतो. त्यामुळे हंगामात स्वस्तात घेणारा आणि टंचाईत महाग विकणारा माणूस, अशी म्वेन्येची प्रतिमा गावात होती. दांपत्याने रविवारी उपासनेला बसावे, आजाऱ्यांना भेटावे, चिचेवा भाषेत अडखळत प्रार्थना करावी, तरी दुकानदाराची ही सावली त्यांच्यामागून हटत नव्हती. पत्नीने सांगितले की पहिल्या वर्षी एका बाईने तिला अगदी सहजपणे ‘तुमचे दुकान कोणत्या गावी?’ असे विचारले होते.

मलावीत मका हेच अन्न आहे. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, म्हणजे न्सिमा, पोटात गेला नाही तर माणूस जेवलो असे म्हणत नाही. दुपारी आंबे आणि रताळी पोटभर खाल्ली तरी संध्याकाळी तो ‘आज उपाशी आहे’ असेच सांगेल. पीक एकच, पावसाचे. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरात पेरणी, जानेवारीपर्यंत भांगलण, फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरवी कणसे आणि एप्रिल-मेमध्ये काढणी. लहान शेतकऱ्याचा मागील वर्षाचा मका बऱ्याचदा नाताळापूर्वीच संपतो आणि जानेवारी-फेब्रुवारी हे सर्वांत कठीण महिने ठरतात. ज्यांच्याकडे धान्य नाही ते दुसऱ्याच्या शेतात ‘गान्यू’ करतात, म्हणजे तुकड्यावर मजुरी. मोबदला रोख किंवा पिठाच्या रूपात.

2023 चे वर्ष या नेहमीच्या चक्रापेक्षा वाईट होते. मार्चमध्ये, काढणी तोंडावर असताना, फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीला झोडपले. मृत आणि बेपत्ता मिळून हजाराहून अधिक माणसे गेली आणि कित्येक शेतांवर वाळू पसरली. नोव्हेंबरमध्ये मलावीच्या रिझर्व्ह बँकेने क्वाचा या तेथील चलनाचे अवमूल्यन केले आणि एका डॉलरला मिळणारे सुमारे 1,180 क्वाचा 1,700 वर गेले. खत, तेल, साबण, मका सारेच महागले. दांपत्याला मानधन रुपयांत मिळत असल्याने त्यांच्या हाती पडणारा क्वाचा एकदम वाढला: रुपयाला साधारण 14 मिळत ते 20 च्या वर गेले. गावावर संकट आले त्याच आठवड्यात त्यांचे पाकीट जाड झाले, आणि हे गावाला दिसत होते.

प्रश्न कसा उभा राहिला

मलावीत दार ठोठावत नाहीत. पडवीच्या, म्हणजे ‘खोंडे’च्या, कडेला उभे राहून ‘ओडी!’ अशी हाक देतात आणि घरातून उत्तर येईपर्यंत थांबतात. नोव्हेंबरपासून ही हाक सकाळी सहालाच येऊ लागली.

सुरुवात घरच्या रखवालदारापासून झाली. पन्नाशीचा माणूस, मंडळीचा सभासद, जवळजवळ तीन वर्षे त्यांच्याकडे कामाला. वादळात त्याच्या शेतावर वाळू आल्याने एप्रिलमध्ये त्याच्या हाती दोन पोती मकाही आला नव्हता. नोव्हेंबरमध्ये त्याने खतासाठी दोन महिन्यांच्या पगाराची उचल मागितली. पाठवणाऱ्या संस्थेच्या नियमपुस्तिकेत स्थानिक व्यक्तींना कर्ज देऊ नये असे स्पष्ट लिहिलेले होते. उचल म्हणजे कर्ज की नाही, याबद्दल मात्र पुस्तिका गप्प होती. पतीने उचल दिली आणि वहीत नोंद केली. डिसेंबरमध्ये रखवालदाराने पीठ मागितले. मग त्याच्या मेहुणीने मागितले, मग प्रयोगशाळेत झाडू मारणाऱ्या मुलाने, मग बाप्तिस्मापूर्व वर्गातील दोन स्त्रियांनी, आणि नाताळच्या आठवड्यात तर ज्यांचा चेहराही कधी पाहिला नव्हता अशी माणसे फाटकाशी येऊन शांतपणे बसू लागली. कोणी भांडत नव्हते, कोणी रडतही नव्हते. बसून राहणे, हीच मागणी होती.

दोघांची वृत्ती वेगळी होती आणि त्याचा परिणाम पुढच्या निर्णयांवर झाला. पत्नी लहान मुलांच्या कक्षात काम करत होती. जानेवारी उजाडला की त्या कक्षातील खाटा कुपोषित मुलांनी भरतात, हे तिने आधीच्या दोन वर्षांत पाहिले होते, त्यामुळे तिचा हात सढळ होता. पातेलीभर पीठ द्यायला तिला विचार करावा लागत नसे. पतीला मात्र या देण्यात शिस्त नाही याचा त्रास होत होता. कोणाला दोनदा मिळाले, कोणाला मिळालेच नाही, आणि मोठ्याने हाक देणाऱ्याला अधिक मिळते, हे त्याला दिसत होते. या विषयावरून घरात सलग काही दिवस अबोला राहिला, असे दोघांनीही मोकळेपणाने सांगितले.

विचारात घेतलेले पर्याय

नाताळनंतर त्यांनी बसून पर्याय लिहून काढले. फाटक बंद करून सर्वांना पाळकांकडे पाठवणे हा पहिला. नियमपुस्तिकेला तो सर्वांत जवळचा होता, पण पत्नीने तो लगेच बाजूला सारला, कारण रुग्णालयात ज्या बाईच्या मुलाला सलाईन लावायचे तिलाच संध्याकाळी फाटकातून परत पाठवायचे, हे तिला जमणारे नव्हते. येईल त्याला थोडे थोडे देत राहणे हा दुसरा, आणि तो आपोआप चालूच होता. मंडळीच्या महिला संघटनेमार्फत, म्हणजे ‘म्वानो’मार्फत, द्यावे हा तिसरा; पण त्यात आपले पैसे कोणाला गेले हे कळणार नाही, अशी पतीला शंका होती. चौथा पर्याय कामाच्या बदल्यात मका देण्याचा.

हा चौथा पर्याय पतीला सर्वांत सन्मानाचा वाटला आणि त्यामागे नगर जिल्ह्याची आठवण होती. त्याच्या आजोबांनी 1972 च्या दुष्काळात खडी फोडली होती आणि घरात त्या दिवसांविषयी सुकडी, लाल मिलो आणि हजेरीपत्रक यांच्यासह नेहमी अभिमानाने बोलले जाई: ‘फुकटचे खाल्ले नाही.’ रोजगार हमीची कल्पना ज्या मातीत रुजली तेथून आलेल्या माणसाला फुकट वाटपापेक्षा काम देणे अधिक योग्य वाटावे, यात नवल नाही. मी स्वतः त्या वेळी सल्ला दिला असता तर बहुधा हाच दिला असता.

पहिला निर्णय : कामाच्या बदल्यात मका

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून व्यवस्था सुरू झाली. त्यांनी पन्नास किलोची काही पोती विकत घेऊन मागच्या खोलीत ठेवली. सकाळी जे येतील त्यांना आवारातील गवत काढणे, रुग्णालयाकडे जाणाऱ्या पायवाटेची डागडुजी आणि भाजीच्या वाफ्यांचे काम वाटून दिले जाई, आणि शनिवारी दुपारी पडवीत बादलीने मका मोजून दिला जाई. वाटपापूर्वी पती छोटी प्रार्थना करी. घरातील जेवणाआधी जशी होते तशी, त्यात काही योजना नव्हती. फाटकाशी बसणाऱ्यांची गर्दी कमी झाली, वहीत नावे आणि बादल्या नीट लिहिल्या गेल्या, घरातील अबोला संपला. रखवालदाराची बायको नियमित येणाऱ्यांत होती.

दोन आठवड्यांत आवार इतके स्वच्छ झाले की रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी कौतुक केले.

जानेवारीतले वळण

महिन्याच्या मध्यावर रखवालदाराच्या तीन वर्षांच्या नातीला कक्षात आणले गेले. तपासताना पत्नीने तिच्या पावलावर अंगठा ठेवून तीन सेकंद दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. दुसऱ्या पावलावरही तेच. दोन्ही पावलांवरची अशी सूज म्हणजे क्वाशिओरकोर, गंभीर कुपोषणाचा प्रकार. मुलीला दाखल करून आधी उपचारात्मक दूध आणि मग ‘चिपोंदे’, म्हणजे शेंगदाण्याची पोषक पेस्ट, देण्यात आली व काही आठवड्यांत ती बरी होऊन घरी गेली. नोंद घेताना कळले की तिची आई कामासाठी शहरात गेली होती, आजी दिवसभर गान्यूला, आणि मुलगी नऊ वर्षांच्या बहिणीच्या हाती. घरात कैऱ्या होत्या आणि चिगायोवर, म्हणजे गिरणीवर, मिळणारा कोंडा होता. आजीचे गान्यू कोणाकडे, हे पत्नीला विचारावे लागले नाही. एका मुलीच्या आजाराला अनेक कारणे असतात आणि त्यांच्या अंगणातल्या कामामुळेच हे झाले असे म्हणणे चुकीचे ठरेल. तरीही पत्नीने त्या दिवशी घरी येऊन पतीला एवढेच सांगितले की आपल्या वहीत एक रकाना कमी आहे.

15 जानेवारीला जॉन चिलेम्ब्वे दिनाची सुट्टी असते. त्या दिवशी म्वानोच्या प्रमुख, एक निवृत्त शिक्षिका, मुलीला बघायला आल्या आणि परत जाताना पत्नीला वाट वाकडी करून रखवालदाराच्या शेतावर घेऊन गेल्या. पाऊस उशिरा आल्याने मका गुडघ्याएवढाच होता, पाने पिवळी पडलेली, आणि गवत त्याच्या बरोबरीने वाढलेले. नोव्हेंबरमध्ये उचल घेऊन टाकलेले खत मक्याने खाल्ले की गवताने, हे सांगणे कठीण होते. बाई म्हणाल्या, “आमायी, तुमच्या अंगणात गवताची काडी राहिली नाही. ती सगळी इथे आहे.”

चहाच्या वेळी पतीशी बोलताना त्यांनी जुनी गोष्ट काढली. वसाहतीच्या काळात याच शिरे पठारावरील मळ्यांत कुळांना जमिनीच्या मोबदल्यात ‘थंगाता’, म्हणजे मळेवाल्यासाठी सक्तीची मजुरी, करावी लागे आणि मळेवाल्याला मजूर हवा असे तो नेमका पावसाळ्यात, जेव्हा कुळाचे स्वतःचे शेत भांगलणीला आलेले असे. 1915 मध्ये चिलेम्ब्वे या बाप्टिस्ट पाळकाने केलेल्या उठावाचा रोख ज्या मगोमेरोच्या मळ्यावर होता तो डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या लेकीच्या कुटुंबाच्या मालकीचा होता. शिक्षिकाबाईंनी हे आरोपाच्या सुरात सांगितले नाही. पण मिशनशी नाते सांगणाऱ्या घराने पावसात दुसऱ्याला आपल्या अंगणात राबवणे येथे कसे दिसते, हे त्यांना कळायला हवे होते.

या प्रकरणाचा गाभा मला येथे दिसतो. महाराष्ट्रातील दुष्काळी काम हे पीक बुडाल्यावर, शेतात काही उरले नसताना काढलेले काम असते. रिकाम्या हातांना ते मिळते. मलावीतील उपासमारीचा महिना मात्र शेतीच्या सर्वांत कामाच्या महिन्यावरच येऊन आदळतो. त्या वेळी कोणाचेही हात रिकामे नसतात, पोट मात्र रिकामे असते. जानेवारीत दुसऱ्याकडे विकलेला प्रत्येक दिवस एप्रिलच्या पोत्यातून वजा होतो आणि पुढच्या जानेवारीत तोच माणूस पुन्हा मजुरीला उभा राहतो. जी व्यवस्था एका मातीत माणसाचा मान राखते, तीच दुसऱ्या मातीत त्याचे पुढचे वर्ष खाते.

बाप्तिस्म्याच्या वर्गाचा गुंता

जानेवारीच्या अखेरीस वडीलमंडळाने पतीला बोलावले. तो रविवारी दुपारी बाप्तिस्मापूर्व वर्गाला मदत करत असे आणि त्या वर्गातील नावे अचानक वाढली होती. गावात बोलले जात होते की म्वेन्येच्या घरी प्रार्थना झाली की मका मिळतो, आणि वर्गात नाव असेल तर बादली काठोकाठ भरते. दुसरा भाग साफ खोटा होता. पहिला भाग शब्दशः खरा होता.

पतीला हे फार लागले, आणि का लागले ते मराठी ख्रिस्ती वाचकाला वेगळे सांगायला नको. 1876-78 च्या दुष्काळानंतर आपल्याकडे ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांच्या नातवंडांना, पतवंडांनाही ‘दुष्काळात बाटलेले’ हा टोमणा ऐकावा लागला. त्याने स्वतः शाळेत तो ऐकला होता. ज्या पूर्वजांनी पुढे आयुष्यभर विश्वास जपला, त्यांचा निर्णय ज्वारीच्या मापाने मोजला गेला, आणि आता त्याच्याच पडवीत दुसऱ्या कोणाच्या नातवंडांसाठी तोच टोमणा तयार होत होता.

दुसरा निर्णय

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दांपत्य, पाळक, वडीलमंडळातील दोघे आणि म्वानोच्या प्रमुख एकत्र बसले. बैठक लांबली आणि तीत तीन गोष्टी ठरल्या.

पहिली रखवालदाराबाबत. वडीलमंडळातील एकाने सरळ विचारले की अवमूल्यनानंतर तुमचे मानधन क्वाचात वाढले, त्याचा पगार किती वाढला? वाढला नव्हता. पीठ, उचल, जुने कपडे, मुलांची फी असे सगळे मिळून त्याला पगारवाढीपेक्षा जास्तच दिले गेले होते, परंतु ते उपकार म्हणून, मागितल्यावर आणि पडवीत उभे करून. त्या दिवसापासून पगार बाजारातील मक्याच्या भावाचा अंदाज घेऊन वाढवला गेला, उचल काढणीनंतर लहान हप्त्यांत वळती करण्याचे ठरले आणि त्याच्या बायकोला अंगणातल्या कामातून मोकळे करून भांगलणीपुरता मका पगाराचा आगाऊ भाग म्हणून दिला गेला.

दुसरी वाटपाबाबत. घरातून मका देणे पूर्ण थांबवायचे. दांपत्याचे पैसे आणि नगरच्या मंडळीने पाठवलेली मदत मिळून वीस पोती घ्यायची, ती म्वानोच्या खोलीत ठेवायची आणि यादी म्वानो व गावचा मुखिया यांनी मिळून करायची. त्यात मंडळीबाहेरची आणि मुस्लिम घरेही असतील. वाटपाच्या वेळी दांपत्य हजर राहणार नाही. रुग्णांच्या नातेवाइकांच्या निवाऱ्यात पीठ आणि घेवडा देण्याचे काम रुग्णालयाच्या धर्मसेवकाकडे आधीपासून होते, ते तसेच चालू राहिले.

तिसरी वर्गाबाबत. पतीने काढणीपर्यंत बाप्तिस्मापूर्व वर्गापासून दूर राहायचे आणि वडीलमंडळाने मे महिन्यापर्यंत नवी नावे घ्यायची नाहीत. यातील पहिला भाग योग्यच होता. दुसऱ्याबद्दल माझे मत वेगळे आहे. उपाशी माणसाच्या मनातही खरी ओढ असू शकते, आणि भूक आहे म्हणून त्याच्या शोधावर संशय घेणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. नावे घ्यावीत, बाप्तिस्म्याची घाई करू नये, एवढे पुरले असते. परंतु तो निर्णय स्थानिक मंडळीचा होता, आणि बाहेरून आलेल्या दांपत्याने तेथे मत न देता मान तुकवली, हे बरे केले.

वाटप आणि त्यातून आलेला राग

यादीत सर्वांत गरजू चाळीस घरे होती: विधवा, म्हातारी माणसे, वादळात शेत गेलेले. वीस पोती म्हणजे हजार किलो. घरटी पंचवीस किलो, दोन आठवड्यांची बेगमी. प्रत्यक्षात वाटपाच्या दुसऱ्याच दिवशी कळले की मुखियाने सर्वांना एकत्र बोलावून मका पुन्हा मिसळला आणि गावातील शंभर घरांना दहा-दहा किलो दिला. स्वतःच्या घरालाही.

पतीचा संताप अनावर झाला. शिक्षिकाबाईंना हे आधीच अपेक्षित होते. त्यांचे म्हणणे असे की जिला पंचवीस किलो मिळाले ती विधवा मार्चमध्ये आजारी पडली तर तिला सायकलवरून दवाखान्यात कोण आणणार? यादीबाहेरची साठ घरेच ना? ज्यांना वगळले ते मयतीला येत नाहीत, पडलेली भिंत उभी करायला येत नाहीत. मुखियाने चोरी केली की गावाचा सलोखा राखला, यावर त्या खोलीत एकमत झाले नाही, आणि माझ्याही मनात झालेले नाही. मुखियाने स्वतःचा वाटा घेतला हे खटकतेच; पण तो घेतला नसता तर बाकीचे वाटप त्याला करता आले असते का, हाही प्रश्न उरतो. एक गोष्ट मात्र पत्नीच्या लक्षात आली: कक्षातल्या ज्या मुलांच्या घरांची नावे तिने सुचवली होती, त्यांना खरोखर अधिक हवे होते, आणि त्यासाठी गावच्या वाटपाची वाट न पाहता रुग्णालयातून सुटताना मुलाच्या आईच्या हाती पीठ देणे हाच सरळ मार्ग होता. आजारी मुलासाठी दिलेल्या पिठाबद्दल गावात कोणी हिशेब मागितला नाही.

परिणाम

रखवालदाराचे शेत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात स्वच्छ झाले आणि मग पाऊस गेला. एल निनोच्या त्या वर्षी दक्षिण मलावीत मका तुऱ्यावर असताना कोरडे आठवडे आले; मार्च 2024 मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष चकवेरा यांनी 28 पैकी 23 जिल्ह्यांत आपत्ती जाहीर केली. त्याला चार पोती झाली. वेळेवर भांगलण झाली असती तर किती झाली असती, हे सांगता येणार नाही. पडवीवरची ‘ओडी’ची हाक थांबली नाही, पण तिचे स्वरूप बदलले: लोक आता बहुधा आजारपणासाठी येत आणि पिठासाठी म्वानोकडे जात. काहींनी नाराजी धरली. आधी बादलीभर मका नियमित मिळणाऱ्या एका स्त्रीने पत्नीशी बोलणे टाकले, ते पुढे सुरू झाले नाही.

मे महिन्यात वर्ग पुन्हा उघडला तेव्हा जानेवारीत आलेल्यांपैकी निम्म्याहून कमी माणसे परतली. वडीलमंडळाने याचा अर्थ आपला निर्णय बरोबर ठरला असा घेतला. पाळकांना तशी खात्री नव्हती. त्यांच्या मते काही जण अपमान वाटून गेले.

त्याच वर्षी म्वानोने काढणीच्या वेळी मका घेऊन ठेवण्याचे ठरवले आणि दांपत्याने त्यासाठी बिनव्याजी रक्कम दिली. हवाबंद पिशव्यांत साठवलेला हा मका पुढच्या जानेवारीत खरेदीच्या भावाने, छोट्या मापाने विकला गेला. दुष्काळामुळे मे महिन्यातच भाव चढलेले होते, त्यामुळे फरक मोठा नव्हता. पण विकत घेणारा माणूस गिऱ्हाईक म्हणून येत होता आणि स्वतःचे शेत भांगलून येत होता.

वेगळे काय करता आले असते

रखवालदाराच्या पगाराचा प्रश्न अवमूल्यनाच्या आठवड्यातच सोडवायला हवा होता. घरात काम करणाऱ्या माणसाची गरज आणि फाटकाशी बसलेल्या अनोळखी माणसाची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दांपत्याने त्या एकाच वहीत, एकाच शीर्षकाखाली लिहिल्या. पहिल्याचे देणे लागतो, दुसऱ्याला द्यायचे की नाही ते ठरवायचे असते. हा फरक पडला असता तर नोव्हेंबरची उचल, डिसेंबरचे पीठ आणि जानेवारीचे गान्यू यांतले निम्मे टळले असते.

म्वानोच्या प्रमुखांशी बोलणे ऑक्टोबरात व्हायला हवे होते. दांपत्य तेथे आधीच दोन उपासमारीचे हंगाम राहिलेले होते आणि बाईंशी त्यांची ओळख जुनी होती. कामाच्या बदल्यात धान्य ही कल्पनाही वाया जाण्यासारखी नव्हती. हेच काम जून ते सप्टेंबर या कोरड्या महिन्यांत, शेत मोकळे असताना दिले असते आणि मोबदल्याचा मका घरी साठवायला मदत केली असती, तर जानेवारीतील काही घरे तरली असती. त्या महिन्यांत मात्र कोणी दारावर येत नाही, त्यामुळे सेवकालाही देण्याची आठवण होत नाही.

वाटपापूर्वीच्या प्रार्थनेबद्दल तयारीच्या वर्गात नेहमी वाद होतो. काहींना ती सोडणे म्हणजे साक्ष लपवणे वाटते. पतीने पुढे जो मार्ग धरला तो मला पटतो: प्रार्थना घरात, दार लावून, मका देण्याच्या आदल्या रात्री.

राहिला पाठवणाऱ्या संस्थेचा भाग. कर्ज देऊ नये हा नियम तसाच आहे. घरकामगारांना किती पगार द्यावा, चलन घसरले तर तो कोणी आणि कधी वाढवावा, आणि उचल कोणत्या खात्यात धरावी, याबद्दल पुस्तिकेत अद्याप ओळ नाही. दांपत्याने पाठवलेला मसुदा समितीपुढे आहे आणि तोपर्यंत रखवालदाराची वाढ त्यांच्या स्वतःच्या मानधनातून जाते.